पाटाचं पाणी शेतापर्यंत: कालव्याच्या लाभक्षेत्रात नव्याने जमीन घेणाऱ्यांसाठी

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचा कालवा खाली ओझरच्या शिवारापर्यंत पोचतो. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, गहू पिकवणाऱ्या या पट्ट्यात आता नाशिक शहर सरकत आलं आहे. जमिनींचे तुकडे पडतात, फार्महाऊस उभी राहतात, बाहेरून आलेला माणूस एक-दोन एकर घेतो. राज्यातल्या इतर कालव्यांवरही शहराजवळ हेच चाललं आहे. जमीन दाखवणारा एक वाक्य हमखास बोलतो: "पाटाचं पाणी आहे." हे वाक्य बऱ्याचदा खरंच असतं, पण त्याने विहिरीसारखं पाणी तुमच्या मालकीचं होत नाही. धरणात यंदा जेवढं साठलं त्यातला वाटा, तो दर हंगामाला मागायचा, ठरलेल्या पाळीत घ्यायचा, आणि दहा जणांच्या बांधावरून येणाऱ्या चारीतून, म्हणजे मातीच्या छोट्या पाटातून, आपल्या रानात आणायचा, असा हा हक्क आहे. यातला एक दुवा तुटला तरी कागद हातात राहतो आणि रान कोरडं राहतं. म्हणून सुरुवात कागदापासून करू, पण जास्त वेळ चारीवर घालवू. नवा माणूस फसतो तो बहुतेक तिथेच.

आधी कागद

सातबारा घ्या आणि तीन गोष्टी बघा. पहिली, गाव नमुना बारामधला जलसिंचनाच्या साधनाचा रकाना. तिथे 'कालवा' किंवा 'पाट' लिहिलं असेल तर आजवर पाणी घेतलं जात होतं याची ती खूण आहे, हमी मात्र नाही. दुसरी, 'इतर हक्क'. धरणाच्या लाभक्षेत्रातल्या अनेक गटांवर पुनर्वसनाचा शेरा असतो आणि त्यामुळे हस्तांतरणावर बंधन येतं. असा शेरा दिसला तर इसार देण्याआधी तहसील कार्यालयात त्याचा अर्थ लेखी समजून घ्या. तिसरी, फेरफार. गट कितीदा फुटला आणि प्रत्येक फुटीत चारी कुणाच्या तुकड्यात गेली, ते त्यातून कळतं.

सातबारा इथेच संपतो. पाण्याचं खरं दप्तर पाटबंधारे शाखेत किंवा पाणी वापर संस्थेत, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेत, असतं. तिथे चक-नकाशा मागा. कालव्यावरच्या एका विमोचकावर, म्हणजे ज्याला सगळे 'आउटलेट' म्हणतात त्यावर, साधारण 20 ते 40 हेक्टर क्षेत्र भिजतं. त्याला चक म्हणतात. तुमचा गट नंबर कुठल्या चकात आहे, आणि गटाचं पूर्ण क्षेत्र लाभात धरलंय की थोडंच, हे नकाशासोबतच्या यादीत असतं. गटाचा वरचा कोपरा पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर तो यादीत नसतो. तिथे पाणी चढणारही नाही.

पाणीपट्टीची थकबाकी जमिनीच्या महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. आधीच्या मालकाने ती ठेवली असेल तर पाणी मागायला तुम्ही गेल्यावर ती तुमच्यासमोर ठेवली जाते. खरेदीखताआधी थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्याकडूनच घ्या.

आणखी एक शब्द कानावर पडेल: 'ब्लॉक'. नीरा, प्रवरा, गोदावरी या जुन्या कालव्यांवर ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षांसाठी बारमाही पिकाचं पाणी मंजूर व्हायचं. ही पद्धत विश्वेश्वरय्यांच्या काळातली. "आमचा ब्लॉक होता" असं सांगून कुणी जास्त भाव मागत असेल तर मंजुरीचा कागद आणि त्याची मुदत बघा. ब्लॉक ही मुदतीची मंजुरी होती, ती जमिनीबरोबर कायमची विकली जात नाही.

खरेदी झाली, फेरफार मंजूर झाला की नव्या सातबाऱ्याची प्रत घेऊन संस्थेत जा आणि रजिस्टरला नाव लावून घ्या. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने संस्थेच्या क्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक तिचा सदस्य असतो, पण रजिस्टरला जुन्या मालकाचंच नाव असेल तर पाळीच्या यादीत त्याचंच नाव येतं आणि पाटकरी, म्हणजे पाळीचं पाणी सोडणारा माणूस, त्यालाच फोन लावतो.

पाणी कुठून कुठे येतं

धरणातून मुख्य कालवा, त्यातून वितरिका, तिच्यातून लघुवितरिका, तिच्यावर विमोचक, विमोचकाखाली शेतचारी, चारीतून तुमचा दंड (तुमच्या रानातली पाण्याची छोटी वाट), आणि दंडातून वाफे किंवा सऱ्या. विमोचकापर्यंतचं बांधकाम आणि बहुतेक जमीन सरकारी असते. त्याखालची शेतचारी शेतकऱ्यांच्या जमिनीतून जाते आणि ती नीट ठेवायची जबाबदारी त्या चकातल्या सगळ्या शेतकऱ्यांची. चारीला मालक नाही म्हणून ती कुणाचीच नाही, असं नवा माणूस धरून चालतो. ती सगळ्यांची असते.

विमोचकापासून आपल्या बांधापर्यंत चारीच्या कडेने दोनदा चाला, एकदा कोरडी असताना आणि एकदा आवर्तन, म्हणजे धरणातून कालव्याला सोडलेली पाण्याची फेरी, सुरू असताना. कोरडी असताना भगदाडं, बुजलेले भाग, कुणी टाकलेले पाइप दिसतात. वाहती असताना पाणी कुठे तुंबतं, कुठे झिरपतं आणि कुठे कुणाच्या दंडात गुपचूप शिरतं ते दिसतं. सोबत चकातला एखादा जुना शेतकरी घ्या. कुठल्या बाभळीपाशी दरवर्षी फुटतं हे त्याला माहीत असतं.

मागणी: तारखा चुकवू नका

पाटबंधाऱ्याचं वर्ष तीन हंगामांचं. खरीप 1 जुलै ते 14 ऑक्टोबर, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. पावसाळा संपताना धरणात किती पाणी आहे ते पाहून वर्षाचा सिंचन कार्यक्रम बसवला जातो. पिण्याचं पाणी आधी राखलं जातं, बाष्पीभवन वजा होतं, उरलेल्यातून किती आवर्तनं द्यायची हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. मग जाहीर प्रकटन निघतं आणि त्यात अर्जाची शेवटची तारीख असते.

जिथे पाणी वापर संस्था चालू आहे तिथे मागणी संस्थेकडे द्यायची. संस्था सगळ्यांची मिळून एक मागणी शाखेकडे देते आणि तिला पाणी घनमीटरने मोजून मिळतं. संस्था नसेल तिथे नमुना नंबर 7 (हा पाणी मागणीचा, सातबाऱ्यातला नव्हे) मध्ये अर्ज शाखा कार्यालयात द्यायचा, गट नंबर, पीक आणि क्षेत्र लिहून. अर्जाची पोच घ्या. पिकाचं क्षेत्र खरं लिहा, कारण मोजणीदार रानात येऊन मोजतो. एक एकराचा अर्ज देऊन दोन एकर भिजवलं तर जादा एकराचा पंचनामा होतो आणि त्याची आकारणी दंडात्मक दराने होते.

पेरणीची तारीख आवर्तनाच्या अंदाजाने धरा. गव्हाला 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, 40 ते 45 दिवसांनी फुटव्यांच्या वेळी, 60 ते 65 दिवसांनी फुलोऱ्यात आणि 80 ते 85 दिवसांनी दाणा भरताना पाणी लागतं. दोन आवर्तनांत महिन्याचं अंतर पडणार असेल तर पहिली भिजवण विहिरीवर करून पेरणी अशी बसवा की कालव्याचं पाणी फुलोऱ्यात हाताशी येईल. विहीर नसेल आणि दोनच आवर्तनं जाहीर झाली असतील, तर गव्हाचा हट्ट धरू नका. हरभरा टाका.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब एकदा कागदावर केला की पाळीवरून होणारी निम्मी भांडणं कळायला लागतात.

एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. त्यावर साडेसात सेंटीमीटर पाणी द्यायचं तर सुमारे 303 घनमीटर, म्हणजे तीन लाख तीन हजार लिटर लागतं. विमोचकातून साधारण एक क्युसेक, सेकंदाला 28 ते 30 लिटर पाणी सुटतं. ते सगळं तुमच्या दंडात आलं तर एक एकर 2 तास 49 मिनिटांत भिजेल. चारीत वीस टक्के मुरलं आणि 24 लिटर पोचलं तर 3 तास 31 मिनिटं. चारी खराब असून 18 लिटरच आलं तर 4 तास 41 मिनिटं. यादीत तुमच्या नावापुढे एकरी साडेतीन तास लिहिले असतील, तर शेवटच्या परिस्थितीत एक-चतुर्थांश रान कोरडं राहणार. अशा वेळी तुम्ही पाटकऱ्यावर चिडता, पण पाणी गेलं ते चारीत.

आता पूर्ण हंगामाचं बघा. समजा संस्थेला रब्बीसाठी 9 लाख घनमीटर कोटा मिळाला आणि लाभक्षेत्र 300 हेक्टर आहे. हेक्टरी 3000 घनमीटर, एकरी सुमारे 1200. एका भिजवणीला 300 लागतं, म्हणजे कागदावर चार पाळ्या. पण कोटा लघुवितरिकेच्या तोंडाशी मोजला जातो, तुमच्या वाफ्यात नाही. वाटेत पाव हिस्सा मुरला तर एकरी 900 उरतात आणि पाळ्या तीन होतात. चौथी पाळी उंदरांची बिळं, हराळी आणि फुटक्या बांधांनी पिऊन टाकलेली असते. पुढचं सगळं या चौथ्या पाळीसाठी लिहिलं आहे.

प्रवाह डोळ्याने मोजू नका. चारीचा सरळ, स्वच्छ असा 10 मीटरचा तुकडा निवडा, दोन्ही टोकांना काठी रोवा आणि वरच्या काठीपाशी एक लिंबू सोडा. लिंबू चांगलं, कारण ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही. खालच्या काठीपर्यंत किती सेकंद लागले ते तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. तळ 30 सेंटीमीटर, पाण्याची वरची रुंदी 70 आणि खोली 20 असेल तर पाण्याचा छेद 0.10 चौरस मीटर. 28 सेकंद लागले तर वरचा वेग सेकंदाला 0.36 मीटर. तळाशी आणि कडेला पाणी हळू जातं म्हणून 0.85 ने गुणायचं, मग छेदाने. उत्तर सेकंदाला 30 लिटर.

संस्थेकडे 90 अंशाची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे प्रवाहात आडवी लावायची व्ही आकाराची खाच असलेली पट्टी, असेल तर आणखी सोपं. नॉचच्या टोकापासून पाण्याची उंची 10 सेंटीमीटर असेल तर सेकंदाला 4.4 लिटर, 15 असेल तर 12, 20 असेल तर जवळजवळ 25, आणि साडेएकवीसला 30. शेवटचे दोन आकडे पुन्हा बघा. दीड सेंटीमीटरने पाच लिटर बदलले. म्हणून उंची नॉचच्या तोंडाशी मोजू नका, तिथे पाणी खाली ओढलेलं असतं. उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजा. आणि पट्टीच्या पुढे पाणी मोकळं पडलं पाहिजे. पुढे तुंबलं असेल तर आकडा खोटा.

चारी: आवर्तनाआधीचे पंधरा दिवस

मातीच्या शेतचारीचं चांगलं माप असं: तळ 30 सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना एकास एक उतार, पाण्याची खोली 20, त्यावर 15 सेंटीमीटर कोरडा काठ. म्हणजे एकूण खोली 35 आणि वरची रुंदी एक मीटर. उतार 500 मीटरला एक मीटर असेल तर एवढ्या चारीतून 30 लिटर सहज जातं. तीच चारी गवताने भरली की त्याच खोलीला निम्मंच पाणी वाहतं. उरलेलं चढतं, कोरडा काठ ओलांडतं आणि सगळ्यात खचलेल्या जागी फुटतं. चारी फुटली की लोक वरच्याने जास्त पाणी सोडलं म्हणतात. पाणी तेवढंच होतं, वाट अरुंद झाली होती.

साफसफाई तारीख जाहीर होताच काढा, पाणी सुटायच्या आदल्या दिवशी नको. वरवर कापलेली हराळी आणि लव्हाळा पंधरा दिवसांत पुन्हा उभे राहतात, म्हणून खोऱ्याने मुळासकट काढा. बेशरमाची झाडं कापून चारीच्या काठावर टाकू नका. त्याची कांडी ओल मिळताच तिथेच धरते. काढलेला गाळ काठाच्या आतल्या कडेला रचला तर पहिल्या पाण्यात परत तळाशी येतो. तो बाहेरच्या बाजूला टाका. तळ खणताना मात्र हात आवरा. नवा माणूस उत्साहाने आपल्या हद्दीत चारी वीतभर खोल करतो, मग तिथे डबकं होतं आणि पुढच्याला पाणी चढत नाही.

बिळं हा वेगळा विषय आहे. उंदीर, घुशी आणि खेकडे काठ पोखरतात. भोक रुपयाएवढं दिसतं, पण आत हातभर पोकळी असते आणि पाणी सुरू झाल्यावर दोन तासांत तिथून बांध जातो. वरून ढेकूळ दाबून ते बंद होत नाही. बीळ शेवटापर्यंत उकरा, मोकळं करा, मग ओलसर चिकणमाती आणि मुरूम मिसळून चार-चार बोटांचे थर टाका आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये, इतकीच ओल. काळ्या रानात कोरड्या ढेकळांनी भरलेलं भगदाड पहिल्या पाण्यात विरघळतं.

काळ्या मातीच्या चारीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या आवर्तनाचं पाणी आधी त्या भेगांत उतरतं. शक्य असेल तर आदल्या दिवशी चारीचा तळ खोऱ्याने हलवून भेगा मातीने बुजवा.

प्रत्येकाने आपल्या बांधापुरती चारी साफ करायची, की सगळ्यांनी मिळून विमोचकापासून शेवटपर्यंत, हे चकाच्या बैठकीत ठरतं. आमचं मत दुसऱ्या रीतीच्या बाजूने आहे. पहिल्या रीतीत शेवटच्या शेतकऱ्याचं पाणी वरच्या प्रत्येकाच्या मर्जीवर राहतं, आणि वरच्याला चारी खराब असली तरी पाणी मिळतंच. खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याखालचं रान फडांत वाटून पाणी देण्याची गावाची रीत, काही शतकं टिकली, ती बंधारा, पाट आणि फडाची वाटणी गावाने एकत्र सांभाळल्यामुळे. वाघाडवरही पाणी वापर संस्थांची सुरुवात केली ती टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, ओझरकडच्या शेतकऱ्यांनी, समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संघटनेच्या मदतीने. पाणी न पोचण्याचा त्रास त्यांनाच सगळ्यात जास्त होता. पुढे पूर्ण प्रकल्पाचं व्यवस्थापन संस्थांकडे आलं.

पाळीची रात्र

पाळी शेजपाळीने चालते. शेजारून शेजारी, आणि रीतसर चालली तर शेवटच्या टोकापासून वर. तुमचा नंबर रात्री दोनला आला तर तो रात्री दोनलाच असतो. "सकाळी घेतो" म्हटलं तर पाणी वरच्याकडे जातं आणि तुमची पाळी गेली. एकट्याने दारं धरू नका, म्हणजे पाणी वळवायला एकटे उभे राहू नका. एक माणूस वाफ्यावर आणि एक चारीवर लागतो. पाणी चालू असताना वर कुठे फुटलं तर शेताच्या टोकाला उभ्या माणसाला ते अर्ध्या तासाने, प्रवाह बारीक झाल्यावर कळतं.

सोबत खोरं, टिकाव, घमेलं, बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे बूट, मातीने भरलेल्या पाच-सहा गोण्या आणि घड्याळ. गोण्या दिवसाच भरून दंडाच्या तोंडाशी ठेवा. रात्री ओल्या रानात माती खणून चारी अडवायला गेलात तर काठच खचतो.

आपल्या पाळीच्या अर्धा तास आधी चारीवर जा. ज्याची पाळी संपते आहे त्याच्यासमोर घड्याळ बघा आणि वेळ दोघांच्या वहीत लिहा. मग आपल्या दंडाचं तोंड आधी उघडायचं आणि त्यानंतर त्याचं बंद करायचं. उलट केलं तर मधल्या दोन मिनिटांत पूर्ण प्रवाहाला वाट राहत नाही, पाणी उलटून काठ ओलांडतं. बांध घालताना गोण्या पाण्याच्या वेगाला आडव्या, विटांसारख्या सांधे मोडून रचा आणि वरच्या बाजूने माती लावा.

कोरड्या चारीत पहिलं पाणी कसं येतं ते एकदा बघून ठेवा. तोंडाला वाळलेली पानं आणि फेस घेऊन ते चालत्या माणसापेक्षाही हळू सरकतं, भेग आली की थांबतं, भरतं, पुन्हा निघतं. लांब चारी असेल तर शेवटच्या रानापर्यंत यायला तास-दोन तास लागतात. हा भरवणीचा वेळ कुणाच्या खात्यात धरायचा, हे हंगामाच्या पहिल्या बैठकीत ठरवून लिहून घ्या. टेलवाल्यालाच तो सोसायला लावणं अन्याय आहे. तो वेळ सगळ्या चकात वाटून घ्यावा.

शेतात पाणी एकाच सरीत सोडू नका. एका सरीला सेकंदाला 1 ते 2 लिटर पुरतं. उतार जास्त असेल तर एक लिटरच, नाहीतर माती वाहते. 24 लिटर येत असेल तर 12 ते 24 सऱ्या एकदम चालू ठेवा. पाणी सरीच्या टोकाला पोचायच्या थोडं आधी तोंड बंद करा, आतलं पाणी उरलेलं अंतर जातं. सकाळी शेजाऱ्याच्या रानात तळं साचलेलं दिसलं तर ती तुमची चूक, आणि ते पाणी तुमच्याच तासांतलं.

पाइप, कुंपण आणि नवी घरं

वाढत्या गावात चारी मारली जाते ती बहुतेक नकळत. प्लॉट घेणाऱ्याला गाडी आत न्यायची असते. तो चारीत सहा इंची पाइप टाकतो आणि वर मुरूम. सहा इंची पाइपमधून सेकंदाला 30 लिटर ढकलायला पाण्याला वरच्या बाजूला सुमारे 40 सेंटीमीटर चढावं लागतं, आणि चारीचा काठच 35 चा आहे. म्हणजे ते पाइपमधून जाण्याआधी काठावरून जाणार. तेच 300 मिलिमीटरच्या सिमेंट पाइपला दोन-तीन सेंटीमीटर चढ पुरतो. तरी आमची शिफारस 450 मिलिमीटरची, कारण 300 च्या पाइपात फांदी अडकली की ती काढायला हात पोचत नाही. पाइपचा तळ चारीच्या तळाच्या चार-पाच सेंटीमीटर खाली बसवा, दोन्ही तोंडांना दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधा, वरच्या तोंडाला जाळी लावा आणि ती जाळी पाळीच्या आधी तुम्हीच साफ करा. काम सुरू करण्याआधी संस्थेची लेखी संमती घ्या. संस्था नसेल तर शाखेची.

कुंपणाची भिंत चारीच्या काठावर बांधू नका. दोन्ही बाजूंना माणूस खोरं घेऊन उभा राहील एवढी जागा सोडा. न्हाणीचं, शौचखड्ड्याचं पाणी चारीत सोडू नका, खाली कुणीतरी त्याच पाण्यावर पालेभाजी पिकवतं. आणि तुम्हाला पाटाचं पाणी नकोच असेल, घरापुरती कूपनलिका पुरत असेल, तरी तुमच्या तुकड्यातून जाणारी चारी वाहती ठेवणं तुमच्याकडे राहतं.

फार्महाऊसचा पोहण्याचा तलाव, रिसॉर्ट, हॉटेल हे सिंचन नव्हे. त्यासाठी बिगरसिंचन परवानगी आणि वेगळा दर लागतो. शेतीच्या पाळीतून तो तलाव भरला तर तो अनधिकृत वापर ठरतो.

शेततळं, मोटर आणि डोंगळे

ठिबकवाल्यांना पाळीचं पाणी शेततळ्यात साठवायचं असतं आणि त्यात गैर काही नाही, पण हिशेब उघडा ठेवा. वर 20 बाय 20 मीटर, तळाशी 14 बाय 14, तीन मीटर खोल अशा तळ्यात सुमारे 876 घनमीटर मावतं. 24 लिटरने ते भरायला दहा तास लागतात. म्हणजे एक तळं जवळजवळ तीन एकरांची पाळी पितं. तुमच्या नावावर दोन एकराची पाळी असेल तर तळं सात तासच भरायचं. आधी संस्थेत सांगा, संस्था नसेल तर शाखेत, आणि पाळीबाहेर चारीचं तोंड तळ्याकडे उघडं राहू देऊ नका.

कालव्याच्या काठावरून पलीकडे टाकलेल्या सायफन पाइपांना आपल्याकडे डोंगळे म्हणतात. मोटरला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण डोंगळ्याला वीज लागत नाही म्हणून तो चालतो असा गैरसमज आहे. परवान्याशिवाय दोन्ही चोरीच. रात्रीत बरेच डोंगळे लागले की टेलच्या पाण्याला कात्री लागते.

भांडण झालं तर

आधी वही. पाळीची वेळ, चालू प्रवाह, कुणाच्या सह्या. वहीशिवाय तक्रार म्हणजे नुसता आवाज. मग चकाची बैठक, मग संस्थेचं संचालक मंडळ. मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ (टेल) या तिन्ही भागांचे प्रतिनिधी असतात, आपल्या भागातला कोण ते आधीच माहीत असू द्या.

कुणी चालू चारी बुजवली किंवा अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा, 1906 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. नवे लोक "बघू, समजावू" करत वर्ष घालवतात आणि मुदत जाते. चारीच नसेल आणि शेजाऱ्याच्या रानातून नवी काढायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. उघडी चारी जास्तीत जास्त दीड मीटर रुंद आणि पाइप असेल तर जमिनीखाली किमान अर्धा मीटर, अशा अटी त्यात आहेत. शेजाऱ्याला मोबदला द्यावा लागतो आणि चारी नीट ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शेजाऱ्याची बाजूही ऐका. सरळ रेषेत त्याच्या गोठ्यामधून जाणारी चारी बांधाने वळवली तर वीस मीटर जास्त खणावं लागेल, पण पुढची वीस वर्षं ती कुणी बुजवणार नाही.

हंगाम संपताना

शेवटचं आवर्तन बंद झालं की पाणीपट्टीचं बिल वहीशी ताडून बघा. तास किंवा क्षेत्र जुळत नसेल तर लगेच लेखी द्या, पुढच्या अर्जाच्या वेळी नको. पावती जपून ठेवा. दंडाची तोंडं मातीने पक्की बंद करा. पावसाळ्यात चारीतून उलटं पाणी रानात शिरतं ते याच उघड्या तोंडांतून. आणि जून लागायच्या आत चारीचं शेवटचं टोक नाल्यापर्यंत मोकळं आहे ना ते जाऊन बघा. ते बुजलेलं असेल तर पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी शेवटच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात जाईल.